मुळेकाकांची रीडिंगची वही

मुळेकाका भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी बोलते आहे असं नाही. पहिल्याच भेटीत ते स्वतःच सांगून टाकायचे. आम्ही बीड बायपासच्या मागच्या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून सामान उतरत असतानाच समोरच्या घरातून एक उंच, वाळका माणूस आला. हातात स्टीलची लांब पट्टी. "मी दत्तात्रय मुळे. विहिरींचं पाणी मोजायच्या नोकरीतून रिटायर झालो. तुमच्या गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का?"

"आहे म्हणाला बिल्डर," मी म्हटलं.

"म्हणजे ऐकलं. पाहिलं नाही. मला लई भीती वाटते बरं का अशा गोष्टींची." एवढं बोलून ते आमच्या आधीच आमच्या घराचा जिना चढून वर गेले. झाकण नव्हतं.

"पाहिलं की ऐकलं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न होता. रस्ता बंद आहे म्हणा, पाऊस लांबला म्हणा, कुणाकडे मुलगा झाला म्हणा, मुळेकाका आधी हे विचारणार. माझा नवरा त्यांना पाहून फोन कानाला लावायचा. मलाही राग यायचा. पण रागावून त्यांना उत्तर द्यायला जावं, तर लक्षात यायचं की आपण खरंच नुसतं ऐकलेलंच आहे.

ती सगळी दुष्काळाची वर्षं होती आणि नेमकं त्याच वर्षांत शहर आमच्या बाजूला फुगत होतं. आज ज्वारीचं रान, पुढच्या वर्षी तिथं पार्किंगसकट सात मजले. प्रत्येक बिल्डिंगला बोअर आणि प्रत्येक बोअर शेजारच्यापेक्षा खोल. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही कधी ते सांगून नाही. कॉलनीच्या जमिनीखालच्या टाकीला एक दिव्यांचं यंत्र बसवलं होतं, चार हिरवे दिवे लागले की टाकी भरली. काका रोज सकाळी त्या दिव्यांकडे पाठ करून झाकण उघडायचे, पट्टी सोडायचे आणि फळ्यावर खडूनं आकडा लिहायचे. एकदा चारही दिवे लागलेले असताना फळ्यावर "चार बोटं" असं होतं. लोक हसले. दुपारी मोटरनं हवा ओढायला सुरुवात केली तेव्हा टँकर मागवायला सगळ्यांची पळापळ झाली. त्या दिवसापासून लोक दिवे सोडून फळा वाचायला लागले. काकांना मात्र त्याचा आनंद झाला नाही. "आता माझ्यावर विश्वास ठेवायलेत," ते मला म्हणाले, "ही त्याच्याहून वाईट गोष्ट."

ही भीती कुठून आली, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरी नवी होती. गंगापूरच्या बाजूच्या एका गावात त्यांना दोन विहिरी मोजायच्या होत्या. एक रस्त्यालगत, दुसरी लांब वाडीवर. एप्रिलची दुपार. पहिली मोजली, वहीत लिहिली. दुसरीकडे जायला पाय उचलेना. वाडीची विहीर तरी एवढ्यात कुठं आटते, असं म्हणून त्यांनी पहिलीचाच आकडा दुसरीसमोर लिहिला. बोटाबोटानं तोच. ऑफिसात कुणाच्याही नजरेला दोन सारखे आकडे टोचले नाहीत. वाडीला पाणी आहे असं ठरलं आणि टँकर दुसऱ्या गावाला गेला.

पुढच्या महिन्यात काका वाडीवर गेले. विहिरीत पाणी नव्हतंच. बायका दोराला धरून तळाशी उतरायच्या आणि वाटीनं झऱ्याचं पाणी खरवडून घ्यायच्या. त्यातली एक पडली होती. खुबा मोडून बाजेवर होती. तिनं काकांना ओळखलं नाही, नुसतं विचारलं, "सायेब, मागच्या महिन्यात तुमी आला व्हता म्हंत्यात. मी तर दिसभर हिरीवरच असायचे. मला नाय दिसलात."

"तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं," काका म्हणाले. "तेव्हापासून मी घाबरतो. त्यानंतर एक रीडिंग खोटं लिहिलं नाही."

त्यांच्या घरात दुसरीही एक भीती राहत होती. सुलभाकाकू, त्यांची बायको, शाळेत गणित शिकवायची. आम्ही राहायला आलो तेव्हा ती पदार्थात दोनदा मीठ घालायची, एवढंच. नंतरच्या वर्षांत तिची स्मृती एकेक खोली बंद करत गेली. दिवसभर ती शांत असायची. दिवेलागणीला मात्र भीती तिच्या अंगात शिरायची. स्वयंपाकघरातली पातेली, घागरी, चहाची भांडीसुद्धा अंगणात मांडायची आणि थरथरत फाटकाशी उभी राहायची. "पाणी आलं नाही. मिनूला नळावर बसवलंय, ती अजून आली नाही."

मिनू म्हणजे त्यांची मुलगी. ती परदेशात होती आणि चाळीशी ओलांडलेली होती. रोज कॉम्प्युटरवर चेहरा दाखवायची. काकू त्या चेहऱ्याकडे सभ्यपणे पाहायची आणि काकांना विचारायची, "ह्या बाई कोण?"

तिला शांत करणारी गोष्ट एकच होती. मिनू चार-पाच वर्षांची असताना काकूनं टेपरेकॉर्डरवर घरातले आवाज भरून ठेवले होते. तेव्हाही दुष्काळ होता आणि ही मंडळी शहरातल्या छावणी भागात भाड्यानं राहायची. मिनूला खालच्या नळावर बसवायचे, आणि पाणी आलं की तिनं ओरडायचं. एका टेपवर ते होतं. आधी नळाचा फुसफुस आवाज, मग लहान मुलीचा, "आई, पाणी आलं! आई, लवकर ये!" आणि लगेच तरुण काकूचा, "आले गं, आले." एवढंच. काकांनी ते लावलं की काकूचे खांदे उतरायचे. ती भांडी उचलून आत ठेवायची. रोज.

टेप झिजत चालली तेव्हा काका गुलमंडीतल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं टेप उजेडात धरून पाहिली. "मुळे साब, इसकी जान अब दो-चार बार की है. जो निकालना है, निकाल लो." मग काका माझ्याकडे आले, कारण मी वाळूजच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरच्या विभागात होते. मी ते सगळे आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आणि त्यांना घरच्या नेटवर्कवर ठेवायची एक पेटी घेऊन दिली. पेटीत दोन डिस्का. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी असते.

"दोन्ही एकदम गेल्या तर?"

"तसं होत नाही, काका."

"पाहिलं की ऐकलं?"

मी म्हटलं, फोनवरही एक प्रत ठेवा. त्यांनी ठेवली. महिन्याभरात पाण्याची पट्टी सोडताना खिशातला फोन टाकीत पडला. त्यानंतर त्यांनी बटणांचा साधा फोन घेतला आणि म्हणाले, पेटीच बरी, ती खिशातून पडत नाही.

पेटीचं एक पान कॉम्प्युटरवर उघडायचं. त्यावर डावी डिस्क, उजवी डिस्क, दोघींचं तापमान आणि दोघींसमोर हिरव्या अक्षरात "ठीक". काका रोज सकाळी ते वहीत उतरवायचे. तारीख, डावी, उजवी, आणि शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर "सुलभा". त्यात संध्याकाळी दोनपैकी एक लिहायचं, "घाबरली" किंवा "नाही घाबरली". पानंच्या पानं "नाही घाबरली". असली वही ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही आणि तेव्हा मी त्यावर हसलेही आहे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी पेटीतला तो आवाज अडकला. नळाचा आवाज आला, मग "आई, पा" आणि पुढे काही नाही. पुन्हा लावला, पुन्हा "आई, पा". काकू फाटकाला धरून रडायला लागली. मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. पेटीच्या पानावर दोन्ही डिस्का हिरव्या, ठीक. पण तो आवाज दुसरीकडे उतरवून घ्यायला गेले की मशीन मध्येच नकार द्यायचं. म्हणजे दोघींपैकी एकीवर नेमकी तीच जागा खराब झाली होती आणि पान म्हणत होतं, सगळं छान. पेटी बंद करून पुन्हा चालू केली. आता दोन्हीसमोर लाल, धोका. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दोन्ही हिरव्या. "कॉलनीतली लाइट खालीवर होतेय, त्यानं पान वेडं झालंय," मी म्हटलं. हे मी नुसतं ऐकलं होतं.

रविवारी क्रांती चौकातून नवी डिस्क आणली आणि दुपारी चारला कामाला बसलो. बेत सोपा होता. खराब असेल ती काढायची, तिच्या जागी नवी घालायची, म्हणजे उरलेली डिस्क आपलं सगळं नवीवर उतरवते. प्रश्न एवढाच की खराब कोणती. आदल्या दिवशी उजव्या बाजूचा दिवा सारखा लुकलुकताना मी पाहिला होता. "उजवी," मी म्हटलं आणि तिच्या खिट्टीला बोट लावलं.

"थांब," काका म्हणाले. "चुकलीस तर?"

"चुकले तर..." चुकले तर चांगली डिस्क बाहेर येणार होती आणि आजारी डिस्क आपला आजार नवीवर उतरवणार होती. ते "पाणी आलं" मग दोन्हीकडे तुटकं राहिलं असतं. वर त्या पेटीतून चालू असताना काढलेली डिस्क पुन्हा घातली की पेटी ती पुसून नव्यानं लिहायला घेते, हे मला माहीत होतं. काकांना मी ते सांगितलं. त्यांनी हात मांडीवर घट्ट दाबून धरले.

"आतलं पान उघड. अजून काय काय दाखवतंय?"

मी आतलं पान उघडलं. प्रत्येक डिस्क किती तास चालली ते तिथं होतं. काका वही घेऊन खुर्ची पुढे सरकवून बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दोघींचे तास सारखे," ते म्हणाले.

"हो, एकाच पेटीत आहेत ना."

"पहिली उजवी मागेच बिघडली होती. तू बदलून दिलीस. हे बघ वहीत. डावीपेक्षा उजवी अकरा महिन्यांनी लहान आहे. दोघींचे तास सारखे कसे?" मग त्यांनी वहीची मागची पानं उलटायला सुरुवात केली. तापमानाचे दोन रकाने. एकेचाळीस, एकेचाळीस. एकोणचाळीस, एकोणचाळीस. महिनेच्या महिने. त्यांचं बोट एकेका ओळीवर थांबत खाली गेलं आणि मग वहीतच राहिलं. "अपर्णा, हे माझ्यासारखं करायलंय. एकच विहीर मोजायलंय आणि दोघींसमोर लिहायलंय. आणि मी रोज स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं. मला दिसलं नाही."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पेटी चालू होताना जी डिस्क आधी उत्तर देई, तिचंच रीडिंग ती दोन्ही ओळींत छापत होती. मी तीनदा बंद-चालू करून पाहिलं. पान हिरवं असलं की तास कमी, म्हणजे बोलत होती ती लहान, उजवी. पान लाल झालं की तास जास्त, म्हणजे थोरली, डावी. आजारी डावी होती. माझं बोट उजवीच्या खिट्टीवर होतं. मी तो हात ओढणीत गुंडाळून घेतला.

"मग डावी काढू?"

"नाही. हे अजून हिशेबानं कळलंय. मला पट्टी सोडून पाहायची आहे."

म्हणजे पेटी पूर्ण बंद करून, दोन्ही डिस्का बाहेर काढून, एकेक करून सरळ कॉम्प्युटरला लावायची, मध्ये पेटी नको. माझ्याकडची वायर त्या कामाची नव्हती. तिच्यातून डिस्क दिसायची, तिची तब्येत नाही. मी नवऱ्याला पाठवून कारखान्यातला जुना कॉम्प्युटर मागवला, त्याचं कव्हर उघडलं आणि आतल्या वायरीला आधी डावी लावायची म्हणून बसले. तोवर साडेसहा वाजले होते आणि काकू उठली होती.

भांड्यांचा आवाज आला. काका उठले नाहीत, नुसते पांढरे पडले. काकू पातेली घेऊन अंगणात गेली. "मिनू," तिनं हाक मारली. मग जोरात, "मिनू!" काका गेले. "सुलभा, पाणी आलंय," ते म्हणाले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन पावलं मागे सरली. त्यांनी परदेशातल्या मिनूला फोन लावला. ती तिकडून म्हणाली, "आई, पाणी आलं गं, लवकर ये." आवाज मोठ्या बाईचा होता. काकू ओरडली, "माझी पोर कुठं आहे? कोण आहात तुम्ही सगळे?" तिनं फाटक उघडायचा प्रयत्न केला. फोनमध्ये मिनू रडायला लागली. मी आत स्क्रू पिळत होते आणि एकच स्क्रू दोनदा खाली पडला. आजपर्यंत मी कारखान्यात कितीतरी डिस्का बदलल्या होत्या. त्या दिवशी कळलं की त्या सगळ्या दुसऱ्यांच्या होत्या.

डावी लावली. लाल, जागोजाग खराब. उजवी लावली. स्वच्छ. काकांना बोलावलं, त्यांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले, हळू, एकेक अंक उच्चारत, बाहेर बायको रडत असताना. मला त्यांचा इतका राग आला. पण त्यांनी लिहून झाल्यावरच मान हलवली, "आता घाल." फक्त उजवी पेटीत घातली आणि पेटी चालू केली. ती जागी व्हायला जो वेळ घेते तो घेतला. मग मी आवाज पूर्ण वाढवला.

"आई, पाणी आलं! आई, लवकर ये!"

"आले गं, आले."

अंगणातलं रडणं थांबलं. काकू आत आली, तिच्या हातात चहाची गाळणी होती. "किती उशीर केलास," ती कुणाला तरी म्हणाली आणि ओट्यापाशी गेली. काका भिंतीला पाठ लावून खाली बसले. त्यांनी वही उघडली, शेवटच्या रकान्यात "घाबरली" लिहिलं आणि मग त्याच्यापुढे अजून एक रकाना आखला. त्यावर लिहिलं, "तपासणाऱ्याची सही".

"एकट्याच्या डोळ्यांचा भरवसा नाही," ते म्हणाले. "दर रविवारी येशील?"

मी गेले. नव्या डिस्केवर प्रती झाल्या, एक प्रत माझ्या घरी राहिली, एक मिनूकडे गेली. तरी वही चालू राहिली. आता दर रविवारी पेटी बंद करून दोन्ही डिस्का बाहेर काढून वेगवेगळ्या मोजायच्या, मग काका वही माझ्याकडे सरकवायचे आणि विचारायचे, "पाहिलंस ना?" मी "पाहिलं" म्हणायचे आणि सही करायचे. अशी दोन वर्षं गेली.

काकू थंडीत गेली, झोपेतच, न घाबरता. मिनू आली, पंधरा दिवस राहिली आणि वडिलांना घेऊन जायचं ठरवून सगळं आवरू लागली. काका निघणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेले. मिनू वरच्या खोलीत बॅगा भरत होती. काका पेटीसमोर बसले होते. समोर वही. डावी-उजवीचे आकडे त्या दिवसाचेसुद्धा भरलेले.

"काका, आता कशाला रोज?"

काकू गेल्यापासून रविवारची तपासणी राहूनच गेली होती. मी वही पाहिली. सहीच्या आधीच्या रकान्याच्या डोक्यावरचं "सुलभा" एका सरळ रेघेनं खोडलेलं होतं. त्याच्यावर बारीक अक्षरात "मी". खाली रोजची नोंद. घाबरलो. घाबरलो. घाबरलो. एकही दिवस सोडलेला नव्हता.

बाहेर अंधारत होतं. त्यांनी आवाज लावला. नळ फुसफुसला. त्यातली छोटी मिनू ओरडली. आणि मग तिच्यापाठोपाठ, ज्यासाठी त्यांनी तो लावला होता तो आवाज, तरुण, घाईतला, "आले गं, आले." काका दाराकडे पाहत राहिले. ते फार वेळ पाहत होते. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते, ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी पेन उचललं. हात इतका कापत होता की दुसऱ्या हातानं मनगट धरावं लागलं. त्या दिवसाच्या ओळीत त्यांनी लिहिलं, "नाही घाबरलो."

वही त्यांनी माझ्याकडे सरकवली. सहीच्या आधी विचारायचा प्रश्न त्यांनी त्या दिवशी विचारला नाही. मी पेन घेतलं आणि सही केली.